मढच्या धक्क्यावरून बर्गनला

नॉर्वेतल्या बर्गनमधल्या पहिल्याच सकाळी माझी छत्री उलटी झाली, दोन काड्या मोडल्या आणि आमचे हे भररस्त्यात हसत सुटले. ओस्लोहून मुलगा दोनदा बजावत होता, "आई, टोपीवाला रेनकोट घे, छत्री नको." मी म्हटलं, मुंबईतल्या मढच्या बाईला तू पाऊस शिकवतोस?

मुंबई आणि बर्गन, दोन्हीकडे वर्षाचा पाऊस सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वरच. पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. तिथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो आणि वाऱ्याबरोबर आडवा येतो. आम्ही जूनमध्ये गेलो, तरी भिजलेली सुती सलवार तासाभरात अंगावर बर्फासारखी झाली. पावसाळा म्हणजे उकाडा, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की थंडीत भिजणं ही वेगळी गोष्ट आहे हे सुचलंच नाही. तेव्हा वर पाणी न झिरपणारं जाकीट, आत लोकर, आणि पायात बंद बूट. चपला घरी राहू द्या.

खरं तर चुकांची सुरुवात मढलाच झाली होती, बॅग भरताना. वास सुटेल म्हणून मुलाने सुके बोंबील नको म्हटले. मग त्या जागेत मी घरचं तूप आणि पेढे कोंबले. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ स्वतःच्या खाण्यापुरतेही नॉर्वेत नेता येत नाहीत. विमानतळावर तुपाची बरणी माझ्या हाताने काढून द्यावी लागली. कोळी मसाला तेवढा सुखरूप पोचला. (व्हिसा शेंगेनचा लागतो आणि त्यासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा दाखवावा लागतो, ते सगळं मुलाने केलं म्हणून बरं, नाहीतर तिथेही मी हुशारी केली असती.)

मासळीबाजार बंदराच्या अगदी आतल्या टोकाशी आहे. तिथे मी कोळणीच्या थाटात शिरले. एका गाळ्यावर खेकड्याचे भले मोठे पाय मांडलेले होते. पाटीवरचा आकडा बघितला, आठाने गुणला, कारण क्रोन तेव्हा साधारण आठ रुपयांच्या आसपास होता, आणि म्हटलं परवडेल. वजन झाल्यावर कळलं, तो भाव शंभर ग्रॅमचा होता. पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, मीच वाचलं नाही. "जरा कमी करा" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. आमच्या दाराशी कुणी अशी घासाघीस केली तर मी काय बोलते, ते आठवलं. भाव आधी विचारा, किलोचा की शंभर ग्रॅमचा ते विचारा, पोटभर जेवायचं असेल तर दुकानातून पाव आणि मासे घेऊन खोलीवर खा. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून खरेदी शनिवारीच. आणि पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी उत्तम असतं. आम्ही दोन दिवस बाटल्यांवर पैसे घालवले.

ब्रिगेन म्हणजे धक्क्यालगतची ती रंगीत लाकडी घरांची रांग, 1979 पासून जागतिक वारसा यादीत असलेली. पहिल्या दिवशी मी समोर उभी राहून फोटो काढला आणि चालू लागले. नव्वद टक्के पर्यटक तेच करत असावेत. दुसऱ्या दिवशी पाऊस चुकवायला घरांमधल्या चिंचोळ्या बोळात शिरले, तेव्हा एका दुकानाच्या काचेआड टांगलेली सुकी मासळी दिसली. लाकडासारखा कडक कॉड. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर दोन मासे शेपट्यांशी बांधून लाकडी मांडवांवर टाकतात, फेब्रुवारी ते मे, मीठ न लावता, नुसत्या थंड वाऱ्यावर. आमच्याकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, टाकतात. तिकडे शेपटी, इकडे तोंड! त्या सुक्या मासळीच्या व्यापारासाठी 1360 च्या सुमारास हान्सा संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी तिथे ठाण मांडलं आणि पुढची चारशे वर्षं ते हलले नाहीत. 1702 च्या आगीत सगळं जळलं, तरी घरं पुन्हा जुन्याच धर्तीवर उभी केली. माझी आई उन्हात बोंबील पालथे करायची, तिचे हात मला त्या काचेत दिसले. वास येईल म्हणून जे घरी ठेवून आले होते, त्याच्या चुलतभावावर हे अख्खं शहर उभं राहिलेलं होतं.

शेवटची चूक बोटीची. बंदरातून समोरच्या आस्कोय बेटावर बोट जाते, दहा-बारा मिनिटांत. वर्सोवा-मढ तरीची आठवण आली म्हणून शनिवारी दुपारी सहज चढलो. तिकडे फिरलो, बाकावर बसलो, ऊन होतं. ऊन होतंच. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो, आणि मी घड्याळाऐवजी आभाळ बघत होते. धक्क्यावर आलो तर शेवटची बोट गेलेली. आपल्याकडे कुणी पळत येताना दिसलं की नावाडी थांबतो, हाक मारतो. तिथला धक्का रिकामा, भिंतीवर फक्त वेळापत्रक. लोर्दाग म्हणजे शनिवार, सोन्दाग म्हणजे रविवार, हे दोन शब्द पाठ करून जा. त्या दिवसांच्या फेऱ्या वेगळ्या असतात. परतीची वेळ जातानाच फोनमध्ये टिपा.

एका पोराने बसथांबा दाखवला. आस्कोयला 1992 पासून पूल आहे. अंधेरीहून गाडीने मढला यायचं तर मालाडचा वळसा घालावा लागतो, आणि आमच्या वर्सोवा-मढ पुलाची नुसती चर्चा ऐकत आमचे केस पांढरे झाले. बस पुलावर चढली तेव्हा साडेदहा वाजले असतील, खाली पाणी अजून उजळलेलं. हे खिडकीला नाक लावून बसले होते.

"पूल झाला," ते म्हणाले, "तरी बोट बंद नाही केली गं यांनी."