चित्राखाली नाव

तुम्ही माथेरान पाहिले आहे का? आमच्या पोशीरहून ते लांब नाही. पण गावातली कितीतरी माणसे वर गेली ती फक्त कामाला. कोणी हमालीला, कोणी घोडा धरायला. मीही पूर्वी मोळ्या घेऊन गेलो होतो. या दिवाळीत मात्र मी चित्रे घेऊन गेलो.

चित्रे माझी नव्हेत, माझ्या मित्राची. तो दुकानांच्या पाट्या रंगवतो. रात्री घरी बसून जलरंगाने चित्रे काढतो. उल्हास नदीचा काठ, भाताची झोडणी, पावसातली आगगाडी. माथेरानला एका बंगल्याची पडवी त्याने चार दिवस भाड्याने घेतली. भाडे ६,००० रुपये, तेही आगाऊ. बायकोच्या दोन पाटल्या पतपेढीत गहाण ठेवून त्याने ते भरले. मग मला म्हणाला, "गिऱ्हाइकांशी मी बोलंन. हिशेब आन् चिठ्ठ्या तू लिही."

मी गेल्याच वर्षी साक्षरता वर्गात लिहायला शिकलो. माझ्या पोटात गोळाच आला. पण हो म्हटले.

नेरळहून टॅक्सीने आम्ही दस्तुरी नाक्यावर उतरलो. तिथून पुढे खासगी मोटारीला बंदी आहे. पायी जा, घोड्यावर बसा, नाहीतर अमन लॉज स्टेशनावरून छोटी गाडी धरा. ही गाडी १९०७ साली सुरू झाली. आदमजी पीरभाय यांच्या पैशातून ती उभी राहिली. आम्ही आपले पायीच निघालो. वीस चित्रे जुन्या लुगड्यांत गुंडाळून डोक्यावर घेतली. तरी तांबडी धूळ आत शिरलीच. काचा पुसता पुसता हात लाल झाले. तेवढ्यात वानरांनी आमची भाकरीची पिशवी पळवली. तिकडे जाल तर खाणे उघड्यावर ठेवू नका.

चित्रे टांगून झाली. प्रत्येकाखाली मी चिठ्ठी लावली. चित्राचे नाव, काढणाऱ्याचे नाव, साल आणि किंमत १,२०० रुपये. 'झोडणी' मी 'झोडनी' लिहिले होते. ती चिठ्ठी फाडून पुन्हा लिहिली.

लोक येत, पाहत आणि विचारत, "ही वारली चित्रं का?" वारली चित्रांना आता मोठा मान आहे. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे यांना त्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१४ साली त्या कलेची भौगोलिक ओळख म्हणून सरकारी नोंदही झाली. 'हो' म्हटले असते तर दोनचार चित्रे जास्त गेली असती. पण मित्र म्हणे, "नाही हो, ती कला त्यांची. ही माझी."

दोन दिवसांत दोनच चित्रे गेली. तिसऱ्या दिवशी एक व्यापारी आला. म्हणाला, "उरलेली अठरा सगळी घेतो. १०,००० रोख." मी मनात बेरीज केली. चिठ्ठ्यांप्रमाणे २१,६०० होत होते. पण मित्राला पाटल्या दिसत होत्या. व्यापाऱ्याने छापील कागद पुढे केला. "नेहमीचाच आहे. सही करा."

मी म्हटले, "थांबा. मी वाचतो. मला वेळ लागतो."

बोट ठेवून मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्या कलमात होते की चित्रांचे सर्व हक्क कायमचे घेणाऱ्याकडे जातील, आणि चित्रकाराचे नाव घालण्याचे बंधन राहणार नाही. मित्राने हातातले पेन खाली ठेवले. म्हणाला, "चित्रं न्या. पण हे कलम खोडा." व्यापारी कागद घेऊन निघून गेला. त्या रात्री मित्र जेवला नाही. मलाही वाटले, आपण उगाच वाचले का?

गावी आल्यावर वर्गाच्या बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, याचा कायदा १९५७ सालचा आहे. चित्र विकणे वेगळे आणि त्याच्या नकला छापण्याचा हक्क विकणे वेगळे. म्हैस विकली म्हणून गोठा जात नाही, तसे. तो हक्क द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, त्यावर देणाऱ्याची सही लागते. कोणते चित्र, किती वर्षांसाठी, कोणत्या मुलखासाठी, किती पैशांना, हे कागदात यावे. वर्षे लिहिली नाहीत तर पाच धरतात. मुलूख लिहिला नाही तर सारा भारत. एरवी हा हक्क चित्रकाराला जन्मभर असतो. त्याच्यामागे ६० वर्षे वारसांना. आणि हक्क विकला तरी 'हे चित्र मी काढले' असे सांगण्याचा अधिकार कायदा त्याच्याकडेच ठेवतो. कोणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राची गोष्ट मात्र निराळी. तिथे वेगळा करार नसेल तर छापण्याचा हक्क काढून घेणाऱ्याचा होतो.

चौथ्या दिवशी गर्दी होती. पाच चित्रे गेली. प्रत्येकाची पावती मी लिहिली, एक प्रत त्यांना, एक आम्हाला.

एक पाटली सुटली. दुसरी अजून पतपेढीत आहे. तेरा चित्रे मित्राच्या घरी भिंतीला टेकून ठेवली आहेत. त्यांच्या चिठ्ठ्या आम्ही काढलेल्या नाहीत.