घर बांधताना पाण्याचा विचार



शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेचा भाग. वर्षाचा पाऊस जेमतेम ५०० मिलीमीटर. तरीही १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवरून सुमारे ३७,००० लिटर पाणी मिळू शकते, म्हणजे रोज १०० लिटरप्रमाणे वर्षभराचे! म्हणून स्लॅब टाकण्यापूर्वीच उतार, पाइप व टाकी ठरवा. जास्तीचे पाणी गाळून बोअरवेलशेजारी मुरवा. खिडक्या समोरासमोर ठेवा. पश्चिमेला झाड लावा.

पर्यावरणपूरक इमारतींना 'ग्रिहा' ही भारतीय मानांकन पद्धती २००७ पासून एक ते पाच तारे देते. आपल्या छोट्या घराला तारा नसला तरी चालेल. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीला आपणा सर्वांचे घर म्हटले आहे. आपण मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीलाही लाभते. हीच शेजारप्रीती.