गायकाच्या पायाशी ठेवलेला आवाज

कृष्णाबाईच्या उत्सवात वाईच्या घाटांवर आळीपाळीने मांडव पडतात. कर्ण्यांची तोंडं श्रोत्यांकडे, मॉनिटरची कलाकारांकडे. मी मॉनिटर सांभाळतो.

१. बुवा म्हणतात, ‘दादा, मला थोडं वाढवा.’ तेव्हा मी आधी त्यांच्या मॉनिटरमधली पेटी उतरवतो. बहुतेकदा गळा कमी नसतोच, पेटी त्याच सुरात त्याच्यावर बसलेली असते. तीन-चार डेसिबल गेले की बुवा मान डोलावतात. वाढवत गेलं तर तबलजी मागतो, मग पेटीवाले, आणि शेवटी शिट्टी वाजते.

२. कार्डिऑइड माइक पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर बरोबर त्याच्या पाठीशी. सुपरकार्डिऑइडला मागचं थोडं ऐकू येतं. तो बहिरा साधारण १२५ अंशांवर, म्हणजे मॉनिटर जरा बाजूला सरकवायचा. वाद्यवृंदातली तरुण मुलं माइकची जाळी मुठीत धरतात, की हे सगळं गणित संपलं. त्यांना आधीच सांगावं, गोड शब्दांत.

३. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. गाणं सुरू झालं की निवेदकाचा माइक बंद.

४. घाट दगडी. समोर ३४ मीटरवर भिंत असेल तर आवाज जाऊन परत यायला ०.२ सेकंद लागतात. द्रुत लयीत तबलजी त्या उलट्या आवाजाच्या नादी लागला तर ठेका ओढला जातो. मग त्याच्या मॉनिटरमधून बाकीचं काढून फक्त गळा आणि थोडी पेटी ठेवतो. गायकाला तबला कोरडा, जवळचा. घाट बांधणाऱ्यांना चिंता पाण्याची: १७६२ साली रास्त्यांनी इथल्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ बांधलं तेव्हा पुराचं पाणी दुभंगावं म्हणून त्याची पाठ माशासारखी केली. आवाजाची सोय कोण कशाला करतंय!

५. खुणा आधी ठरवाव्यात. तान घेताना वर गेलेला हात म्हणजे ‘वाढव’ नव्हे.

६. साउंड चेकला आधी मॉनिटर, मग कर्णे. कर्णे लागले की त्यांच्या पाठीमागून खर्ज मंचावर येतो. तेवढा मॉनिटरमधला काढून टाकायचा. सूट मिळालेले दिवस सोडले तर रात्री १० ला सगळं बंद, मॉनिटरसुद्धा. सत्कार लांबले की आयोजक साउंड चेकच्या वेळेला कात्री लावायला बघतात. मी हार-नारळांच्या यादीकडे बोट दाखवतो.