फॉरवर्ड करण्याआधी

नव्या गुरुजींनो, बाईंनो, मोबाइलवरच्या अफवांचा पाठ घेणार असाल, तर या म्हाताऱ्या मास्तराचं जरा ऐका.

उपदेशाने सुरुवात करू नका. 'अफवांवर विश्वास ठेवू नये' हे वाक्य पोरं वहीत सुवाच्य अक्षरात लिहितात आणि घरी जाऊन नवी अफवा पुढे ढकलतात. त्यापेक्षा थेट मेसेजच वर्गात आणा.

पहिला घ्या 'नासाने टिपलेली दिवाळी'. दरवर्षी फिरतो. नकाशावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके. गावोगावच्या पणत्या अशा वेगवेगळ्या रंगांच्या का दिसाव्यात, एवढंच विचारा आणि गप्प बसा. पोरं डोकं खाजवू लागली की सांगा : अमेरिकेतल्या 'नोआ' संस्थेने उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून हे चित्र केलंय. पांढरे दिवे १९९२ पूर्वीचे. निळे, हिरवे, लाल अनुक्रमे १९९२, १९९८ आणि २००३ मध्ये नव्याने दिसलेले. दिवाळीचा संबंधच नाही.

वरच्या वर्गांना राईनपाडा सांगा. कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या एका जाहिरातपटात मोटरसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात. तो शेवट कापून व्हिडिओ आपल्याकडे 'पोरं पळवणारी टोळी' म्हणून फिरला. अशाच अफवांच्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच जणांना ठार मारलं. मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते ते, भिक्षा मागायला आलेले. व्हिडिओ पाहिला की पोरांनी विचारावं : याच्या आधी काय होतं, नंतर काय झालं?

फोटो गूगल लेन्सवर टाकायला शिकवा. जुना असेल तर बहुधा तिथेच कळतं. संताप किंवा भीती वाटली, की आधी बोट आवरायचं, हेही शिकवा.

पाच नमुन्यांत दोन खरे ठेवा. नाहीतर पोरं सरसकट 'फेक' म्हणून मोकळी होतात, आणि खरी पुराची सूचनाही उडवून लावतात.

आणि आजोबांची चूक फॅमिली ग्रुपवर काढायची नाही, शेजारी बसून दाखवायची, अशी ताकीद द्या. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस हट्टाला पेटतो.

परीक्षेत 'खरं' आणि 'खोटं' यांच्या जोडीला तिसरा पर्याय ठेवा : 'अजून माहीत नाही, म्हणून पुढे पाठवणार नाही'. तो योग्य ठिकाणी निवडणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण द्या.