पत्र्यावरचा रंग पापुद्र्यासारखा का सुटतो?

प्रश्न : आमचं घर कार्ल्याच्या बाजूला आहे. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पडवीवर नवे जस्ती पत्रे घातले आणि लगेच रेड ऑक्साईडचा हात मारून वर हिरवा ऑइल पेंट दिला. पहिला पावसाळा निभावला, दुसऱ्यात ताटाएवढाले पापुद्रे सुटले. रंगारी म्हणतो, लोणावळ्याच्या पावसात कुठलाच रंग टिकत नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक, मावळ

उत्तर : रंगाऱ्याला पावसाचा आडोसा बरा सापडला! लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणजे पुणे शहराच्या पाचपटीहून अधिक. पण तुमचा रंग या पावसाने काढला नाही, पावसाने फक्त उघडा पाडला.

सुटलेला एखादा पापुद्रा उलटा करून पाहा. त्याची आतली बाजू स्वच्छ असेल आणि खालचा पत्रा राखाडी, धडधाकट दिसत असेल, तर गंजाचा काही संबंध नाही. रंगाने पत्रा मुळात धरलेलाच नाही.

यात दोन दोष असतात. पहिला तेलाचा. नवा पत्रा साठवणीत खराब होऊ नये म्हणून कारखान्यात त्यावर तेलाचा किंवा रसायनाचा पातळ थर देतात. दुसरा दोष जास्त लबाड आहे. ऑइल पेंट आणि बहुतेक रेड ऑक्साईड प्रायमर यांच्यात तेलापासून बनवलेलं राळेसारखं द्रव्य असतं. ओल मिळाली की जस्ताच्या पृष्ठभागावर अल्कली तयार होते आणि तिची त्या तेलातल्या आम्लांशी गाठ पडते. तेल अधिक अल्कली म्हणजे साबण, हे शाळेत शिकलोय. रंगाच्या खाली जस्ताचा साबण धरतो, रंग कडक होतो आणि पकड सुटते. म्हणूनच सुरुवातीचे काही महिने सगळं छान दिसतं. रेड ऑक्साईड उघड्या लोखंडासाठी चांगलं. जस्तावर ते मारणं ही आपल्याकडची जुनी आणि महाग सवय आहे.

आता काय कराल? सुटणारा सगळा रंग खरवडून काढा. जो घट्ट वाटतोय तोही ठेवू नका, आतून त्याचीही तीच गत चालू आहे. मग पत्रा भांडी घासायच्या साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि भरपूर पाण्याने खळाळून काढा. धुतल्यावर पाणी ओतून बघा. ते सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. अळवावरच्या पाण्यासारखे थेंब होऊन घरंगळलं, तर तेल अजून आहे, परत धुवा. पांढरी भुकटी दिसली तर ती जस्ताचीच, ओले पत्रे एकावर एक रचून ठेवल्याने येते. ताठ नायलॉनच्या ब्रशने ती जाते. तारेचा ब्रश जिथे तांबडा गंज आलाय तिथेच वापरा आणि तेवढ्याच डागांवर जस्तयुक्त प्रायमर लावा. बाकी पत्र्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. चकाकी मोडली की पुरे, जस्त खरवडायचं नाही. संडास साफ करायचं ॲसिड वापरा असं कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका. ते जस्तच खातं.

प्रायमर घेताना डब्यावर जस्ती किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठी असं स्पष्ट लिहिलेलं हवं. मावळासाठी माझी पसंती दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमरला. त्यावर पॉलियुरेथेनचा हात द्या, कारण नुसतं इपॉक्सी उन्हात खडूसारखं भुरभुरतं. खर्च आटोक्यात ठेवायचा असेल तर जस्तावर चालणारा पाण्याचा ॲक्रिलिक रंगही चांगला. त्यात साबण होणारं तेलच नसतं.

वेळ दिवाळीनंतरची धरा. सकाळचं दव पूर्ण वाळू द्या आणि चारच्या आत काम आवरा, संध्याकाळी पत्रा हवेआधी गार होऊन घामेजतो. मे महिन्यातल्या दुपारी हात ठेववत नाही इतका पत्रा तापलेला असतो, तेव्हाही रंग नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. जस्त शाबूत असेपर्यंत पत्र्याला गंजापासून वाचवायला रंगाची गरज नसते. विजेच्या मोठ्या वाहिन्यांचे मनोरे याच डोंगरांत, याच पावसात, बहुधा बिनरंगाचे उभे असतात. तुमचा रंग हौसेचा आहे, तर घाई कशाला?

आधी एकच पत्रा वरच्या क्रमाने करा. आठवड्याने त्यावर ब्लेडने फुली मारा, चिकटपट्टी घट्ट दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीला रंग लागला नाही, तरच बाकीचे पत्रे धरा.