अंतराळात उंदरांना जेवायला कोण वाढतं?

तुमच्यापैकी कोणाच्या घरी मांजर आहे का? दोन दिवस बाहेरगावी जायचं असेल, तर काही जण खाणं देणारं टायमरचं यंत्र लावून जातात. सकाळचे सात वाजले की यंत्रातली चकती फिरते आणि दाणे वाटीत पडतात. आता जरा नीट विचार करा. यंत्राने फक्त चकती फिरवली. दाणे खाली वाटीत आणायचं काम गुरुत्वाकर्षणाने केलं, तेही फुकटात!

हेच यंत्र पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात लावलं तर? चकती फिरेल, दाणे बाहेर येतील आणि हवेत तरंगत बसतील. वाटी रिकामीच. पाणीही भांड्यात राहणार नाही. त्याचे गोळे होऊन इकडेतिकडे फिरतील आणि प्राण्याच्या नाकात गेले तर त्याचा जीव गुदमरेल.

म्हणून सुरुवातीपासून शास्त्रज्ञांनी चिकटून राहणारं अन्न निवडलं. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक-२ मधून लायका नावाची कुत्री पाठवली. तिच्यासाठी जेलीसारखं घट्ट अन्न होतं. त्यातूनच तिला पाणीही मिळणार होतं. उड्डाणानंतर आलेल्या संदेशांवरून ती घाबरली आहे, पण खाते आहे, असं कळलं. मात्र यान फार तापलं आणि ती काही तासांतच गेली. हे खरं कारण जगाला २००२ मध्ये समजलं. तिला परत आणायची सोय तर मुळातच केलेली नव्हती. मला ही गोष्ट सांगताना आजही वाईट वाटतं.

पुढची गोष्ट अमेरिकेची. एप्रिल १९८५ मध्ये चॅलेंजर यानातून स्पेसलॅब-३ ही प्रयोगशाळा वर गेली. आत सात माणसं, दोन छोटी माकडं आणि चोवीस मोठे उंदीर. वजनरहित अवस्थेत शरीरात काय बदल होतात, ते पाहायचं होतं. पिंजरे खास बनवलेले होते. पण अन्नाचे ट्रे बदलायला पिंजरा उघडला, की अन्नाचा चुरा बाहेर यायचा. नुसता चुरा नाही, लेंड्यासुद्धा! त्या तरंगत तरंगत माणसांपर्यंत पोचल्या. (हसू नका. तुमच्या ताटासमोरून लेंडी गेली असती तर?) नंतर पिंजऱ्यांत सुधारणा केल्या आणि १९९१ मध्ये पुन्हा उंदीर नेले.

त्याच १९८५ च्या उड्डाणात आणखी एक गोष्ट घडली. दोनपैकी एका माकडाला अंतराळात गेल्यावर बरं वाटेना. खाणं समोर होतं, पण ते फार कमी खात होतं. शेवटी अंतराळवीर विल्यम थॉर्नटन यांनी त्याला हाताने भरवलं. काही दिवसांनी माकड सावरलं आणि नीट खायला लागलं.

मी आयटीत काम करतो. आमच्याकडे ‘निरोप पाठवला’ आणि ‘निरोप मिळाला’ या दोन वेगवेगळ्या नोंदी असतात. पहिली दिसली म्हणून निर्धास्त झोपलेला माणूस सकाळी बोलणी खातो. खाणं देणाऱ्या यंत्राचंही तसंच आहे. ‘दिलं’ म्हणजे ‘खाल्लं’ नव्हे.

आणि यंत्रच बंद पडलं तर? २०१३ मध्ये रशियाच्या बिऑन-एम१ या यानातून ४५ उंदीर तीस दिवसांसाठी गेले. यानात एकही माणूस नव्हता, सगळा भरवसा यंत्रांवर. उपकरणं बिघडली आणि फक्त १६ उंदीर जिवंत परतले.

आता आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात काय करतात ते पाहा. नासाच्या पिंजऱ्यात अन्नाच्या घट्ट वड्या भिंतीला पक्क्या लावलेल्या असतात. उंदीर जाळीला धरून त्या कुरतडतात. पाण्यासाठी छोटी तोटी असते. उंदराने तोंड लावलं, तरच पाणी येतं. पंख्याची हवा लेंड्या आणि चुरा ओढून गाळणीकडे नेते. म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं काम इथे वारा करतो! जपानने २०१६ मध्ये बारा उंदीर सुमारे पस्तीस दिवस स्थानकात ठेवले. प्रत्येकाला वेगळा पिंजरा आणि प्रत्येक पिंजऱ्यात कॅमेरा होता. जमिनीवरची माणसं ती चित्रं बघून कोण खातंय, कोण मलूल आहे, ते तपासत असत. बाराच्या बारा उंदीर जिवंत परत आले.

नवीन शब्द
गुदमरणे – श्वास घेता न येणे
निर्धास्त – काळजी न करता
मलूल – सुस्त, आजारी दिसणारा

विचार करा आणि लिहा
१. मांजराचं यंत्र अंतराळात का चालणार नाही? तीन-चार वाक्यांत सांगा.
२. बिऑन-एम१ मध्ये एक माणूस असता, तर काय वेगळं झालं असतं असं तुम्हाला वाटतं?
३. उंदराने खरंच खाल्लं की नाही, हे कॅमेरा न वापरता कसं ओळखाल? एक युक्ती शोधा, तिचं चित्र काढा आणि घरी कोणाला तरी मराठीत समजावून सांगा.