वीणेची तबली बदलताय? आधी मापं घ्या

केजसारख्या गावात वाद्यदुरुस्तीचं दुकान टाकलं की हार्मोनियम-पखवाजाबरोबर सप्ताहातली वीणाही येणारच. ७ दिवस या हातातून त्या हातात फिरते, एखाद्या वेळी पडते, तबली फुटते. सप्ताह तोंडावर, गिऱ्हाईक घाईत. कारागीर लगेच तबली काढतो आणि तिच्याबरोबर घोडीची जागाही जाते.

तारा अजून ताणलेल्या असतील तर तशाच मोजा: वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंतचं अंतर आणि दांडीपासून तारेची उंची. मग तारा सैल करून तेच परत मोजा. ताणाखाली तबली किती दबत होती ते कळतं. जुनी तबली खचलेली असेल तर तिचा फुगवटा जशाचा तसा उतरवू नका, खचलेपणाही उतरेल!

भोपळ्याचं तोंड नीट गोल नसतं, त्यामुळे नुसत्या व्यासावर भागत नाही. तबली निघाल्यावर कागद ठेवून कड उतरवा, दांडीची बाजू लिहा. जाडी मध्यात वेगळी, कडेला वेगळी घ्या.

तबली स्वतः करता येत नसेल तर मिरजेहून करून घ्या. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण फोनवर "मध्यम साइज" सांगून काम होत नाही, हा कागदच पाठवावा लागतो.

दर दोन टप्प्यांत सांगा: उघडण्याची मजुरी आधी, तबलीचा खर्च मापं झाल्यावर. मापांचा फोटो गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर टाका. सप्ताह ४ दिवसांवर असेल तर सरळ दुसरी वीणा भाड्यानं द्या.